जुन्या जीपचं मजबुतीकरण

जुनी जीप घेऊन ती नव्याने उभी करणाऱ्यांचे महाराष्ट्रात सध्या दोन पंथ दिसतात. एकाला ती कारखान्यातून बाहेर पडली तशीच हवी असते. तोच रंग, तेच गोल दिवे, पत्र्यावर त्याच जागी उठवलेली अक्षरं. त्यासाठी तो वर्षवर्ष भंगारबाजार पालथा घालतो. दुसऱ्याला जीपचा फक्त चेहरा आणि आरसी बुक पुरतं. आत दुसरं इंजिन, खाली हातभर उंच टायर, पुढे लोखंडी बंपर, वर दिव्यांची रांग. पहिला दुसऱ्याला गाडी बिघडवणारा समजतो आणि दुसरा पहिल्याला वस्तुसंग्रहालयाचा रखवालदार. मला या दोघांचा प्रश्नच अपुरा वाटतो. का वाटतो, ते किल्लारीच्या आधाराने सांगायचं आहे.

किल्लारी म्हटल्यावर कुणाला जीप आठवत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवते, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव उशिरा झोपलेलं. औसा तालुक्यातलं किल्लारी, शेजारच्या लोहारा-उमरगा भागातलं सास्तूर, होळी, राजेगाव, अशी तेरणाकाठची गावंच्या गावं काही सेकंदांत दगडमातीचे ढीग झाली. सरकारी हिशोबाने मृत्यू आठ हजारांच्या जवळपास, लोकांच्या तोंडी दहा हजार. या विषयावर लिहिताना जीपसारखी हौसेची वस्तू शेजारी आणणं काहींना खटकेल, हे मी समजू शकतो. पण जुनी वस्तू टाकायची, आहे तशी जपायची की बळकट करून वापरायची, हा प्रश्न इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतकी किंमत मोजून किल्लारीच्या परिसराने सोडवला आहे, की त्यातून निघालेलं शहाणपण फक्त घरांपुरतं ठेवणं मला नासाडी वाटते.

आधी जीपचं या मातीशी नातं काय, ते पाहू. 1945 मध्ये मुंबईत ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या विलीज-ओव्हरलँडच्या जीपचे सुटे भाग मागवून माझगावात जोडणी सुरू झाली ती याच काळात. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनलेल्या या गाडीची नागरी आवृत्ती, सीजे-2ए, विलीजने 1945 मध्ये आणली आणि ती मुख्यतः शेतकऱ्याला विकली. नांगर ओढायला, मळणीयंत्र फिरवायला, बाजाराला जायला एकच गाडी. तिच्या अॅक्सलचा रेशो होता 5.38. म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टने पाचाहून जास्त वेळा फिरायचं. वेग मिळणार नाही, पण चिखलातून, ओझ्यासकट, न थांबता बाहेर येणार. ही गाडी ज्या कामासाठी घडली ते काम या एका आकड्यात लिहिलेलं आहे.

मराठवाड्याच्या काळ्या रानाला अशी गाडी मानवणारच होती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही जमीन पहिल्या दोन पावसांत फुगते आणि चाकाला अशी धरते की मडगार्डमध्ये माती ठासून चाक फिरेनासं होतं. शहरातला हौशी माणूस रविवारी मुद्दाम रस्ता सोडून जातो. इथे आषाढ-श्रावणात रस्ताच नाहीसा व्हायचा, आणि शेताकडे, वस्तीकडे जायचं तर चारही चाकं ओढणारी गाडी किंवा बैल, हे दोनच पर्याय उरायचे. पण बहुतेक गावकऱ्यांसाठी जीप स्वतःची कधीच नव्हती. ती तहसीलदाराची होती, फौजदाराची, बीडीओची, देवी-पटकीची लस घेऊन येणाऱ्या डॉक्टरची. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांनी जीप पाहिली ती मस्टर तपासायला आलेल्या साहेबाची. नंतर ती पुढाऱ्याची झाली. म्हणून आज कुणी जुनी जीप चकचकीत करून मिरवणुकीत काढतो तेव्हा त्यात नेमकी कुणाची आठवण जपली जाते, हे विचारायला हवं. सत्तेचा दिमाख हीसुद्धा आठवण आहे. पण माझ्या मते ती जपण्यालायक आठवण नाही.

जपण्यालायक आठवण निराळी आहे आणि ती गॅरेजमध्ये आहे. 1991 च्या सुमारास लांब चेसिसची महिंद्रा कमांडर आली आणि जीप साहेबाच्या हातून निसटून गावाची झाली. मागे समोरासमोर बाकं, टपावर पोती, पायरीवर दोघं उभे. पश्चिम महाराष्ट्रात तिला वडाप म्हणाले, आमच्याकडे काळीपिवळी. औसा, निलंगा, उमरगा, लातूर या रस्त्यांवर एसटीच्या दोन फेऱ्यांमधली सगळी पोकळी तिने भरून काढली. बाळंतीण दवाखान्यात तीच नेणार, नवरी तीच आणणार, कॉलेजची मुलंही तिच्यातच. आणि ती चालत राहिली, कारण तिचा प्रत्येक नट तालुक्याच्या ठिकाणच्या मिस्त्रीला उघडता येत होता. पाटा तुटला तर लोहाराकडे, शाफ्टचा क्रॉस गेला तर बाजारात, ब्रेक ड्रम झिजला तर लेथवर. कंपनीचं सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर असलं तरी कुणाचं अडत नव्हतं. गाडी स्थानिक हातांना समजत होती. माझ्या लेखी जीपचं ‘मूळ रूप’ कशाला म्हणायचं असेल तर याला. रंगाची छटा आणि अक्षरांचा ठसा त्याच्या फार नंतर येतो.

आता किल्लारीच्या घरांकडे वळतो.

या भागातलं जुनं घर म्हणजे माळवद. ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाड भिंती. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, फळ्या आणि सगळ्यांच्या वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राही, रात्री गच्चीवर झोपता येई. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी मृगाआधी त्यावर नवी माती टाकायची आणि चोपायची. जुनी खरवडून काढायचे कष्ट सगळेच घेत नसत. त्यामुळे छप्पर पिढ्यान्‌पिढ्या जड होत गेलं. भिंतीतही एक दोष दडलेला होता. बाहेरच्या बाजूचे दगड वेगळे आणि आतल्या बाजूचे वेगळे, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड फार थोड्या भिंतींत होता. धक्का बसला आणि भिंती दोन कातडी सुटावीत तशा उभ्या फाटल्या. आतला थर आत पडला, झोपलेल्यांवर. अनेक ठिकाणी लाकडी खांबांचा सांगाडा मात्र उभा राहिला.

पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी यातून जे वाचलं ते फार महत्त्वाचं होतं. लोक म्हणत होते, दगडाने मारलं, जुन्या घराने मारलं. अभियंते म्हणत होते, वजनाने आणि सुट्या सांध्यांनी मारलं. भूकंपात घरावर येणारा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. तीच भिंत हलक्या छपराखाली टिकू शकते, आणि त्याच दगडांची भिंत आरपार बांधलेली असेल तर ती माणसाला बाहेर पडण्याएवढा वेळ देते. प्रा. आनंदस्वरूप आर्य यांच्यासारख्या तज्ज्ञांनी सुचवलेले उपाय यावरच उभे होते. माळवदावरची जादा माती उतरवा. भिंतीला ठराविक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतील. दाराच्या वरच्या पातळीला जाळी आणि सिमेंटचा पट्टा घराभोवती फिरवा. खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे आधार ठोका. म्हणजे घर तेच राहील, खण तेच, ओसरी तीच, आणि मरण्याची शक्यता पुष्कळ कमी होईल.

जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र शासनाने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला, त्यात 52 गावं पूर्णपणे उठवून नव्या जागी वसवली. त्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. पण त्याच कार्यक्रमाचा आकाराने कितीतरी मोठा भाग दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा होता. 13 जिल्हे, सुमारे अडीच हजार गावं, दोन लाखांच्या आसपास घरं. पैसे हप्त्याहप्त्याने मिळत, काम पाहून पुढचा हप्ता. अभियंता आणि गावकरी यांच्यामध्ये दुवा म्हणून गावोगाव ‘संवाद सहायक’ नेमले गेले आणि त्या बहुतांशी महिला मंडळातल्या बायका होत्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांना उभं केलं. ज्यांनी आयुष्यात कधी ओळंबा हातात धरला नव्हता त्या बायका गवंड्याला विचारू लागल्या, आरपारचा दगड कुठे आहे, पट्टा कोपऱ्यात वळवला का?

हे सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. अनेकांनी मजबुतीकरणाचा पैसा जुन्या घराला न लावता शेजारी विटांची नवी खोली बांधली, कारण दगडाची दहशत मनातून गेली नव्हती. ज्याने भावंडं ढिगाऱ्यातून काढली त्याला ‘भिंत चांगली होती, सांधा वाईट होता’ हे पटवणं सोपं नाही, आणि पटलं नाही म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. नव्या गावठाणांमध्ये रुंद रस्ते आणि आखीव चौक आले, घरं विखुरली, काहींचं शेत दूर गेलं, आणि पायी होणाऱ्या कामांना वाहन लागू लागलं. तरीही एक गोष्ट या भागात पहिल्यांदाच सरकारी पातळीवर मान्य झाली. जुन्याला हात न लावणं किंवा जुनं पाडणं, यांच्यामधला तिसरा रस्ता आहे. त्याला शास्त्र आहे, त्याचा खर्च काढता येतो आणि गावातली माणसं ते शिकू शकतात.

जीपलाही तोच तिसरा रस्ता हवा आहे.

जीप आधी सोलून पाहायला हवी. रंग, गादी, हूड काढून चेसिस उघडी केली की खरी तपासणी सुरू होते. कर्ण मापायचे. पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत, मग उलट. दोन मापांत फरक निघाला तर चेसिस कधीतरी पिळली गेली आहे. पाटे जिथे टांगलेले असतात त्या ब्रॅकेटच्या आसपास तडे शोधायचे, कारण खड्ड्याचा प्रत्येक धक्का तिथे उतरतो. कोकणात चेसिस आतून सडते. आपल्याकडे गंज कमी, पण ओझ्याने गेलेले तडे आणि त्यावर घाईत मारलेले वेल्डिंगचे थर भरपूर. स्टिअरिंग बॉक्सचा खेळ, किंगपिनचे बेअरिंग, पुढच्या चाकाच्या गोळ्यातून गळणारं ऑइल, वायरिंगचं जळकं इन्सुलेशन. आणि ब्रेक. जुन्या जीपमध्ये चारही चाकांचा ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर, एकाच सर्किटवर चालतो. एका चाकाचं व्हील सिलिंडर फुटलं किंवा एक पाइप दगडाने चिरला की सगळं तेल निघून जातं आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम संपतो. माळवदाच्या भिंतीत आरपार दगड नसणं आणि जीपला एकच सर्किट असणं, हे एकाच जातीचे दोष आहेत. एरवी दिसत नाहीत, वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि होतं तेव्हा सावरायला जागा नसते.

म्हणून दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, शक्य तर पुढे डिस्क ब्रेक, नवं वायरिंग फ्यूजसकट, आसनांना पट्टे, उलटल्यास डोकं वाचवणारा नळीचा मजबूत पिंजरा आणि रात्री रस्ता दिसेल असे दिवे, एवढे बदल मूळ रूपाचा कितीही आग्रह असला तरी केलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. जीप अरुंद आणि उंच असते, ती कलंडते. ज्या गाडीत तुम्ही स्वतःची मुलं बसवणार आहात तिच्या ब्रेकला ‘ऐतिहासिक’ ठेवण्यात कसली निष्ठा? शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना मी आणखी एक आठवण देईन. जीप हीच मुळात सतत बदलत आलेली गाडी आहे. सीजे-3बीचं बोनेट उंच झालं, कारण आत नवं, उंच इंजिन बसवायचं होतं. आपल्याकडे पेट्रोलचं इंजिन जाऊन ऐंशीच्या दशकात महिंद्राच्या एमएम 540 मध्ये प्यूजोच्या आराखड्याचं 2.1 लिटरचं डिझेल इंजिन आलं. मग महिंद्राचं स्वतःचं डीआय इंजिन आलं. आणि मिस्त्रींनी तर कंपनीची वाट न पाहता कितीतरी इंजिनं आपापल्या हाताने बदलली. या साखळीतला कुठला क्षण ‘मूळ’ धरायचा?

दुसऱ्या पंथाला माझं उत्तर अधिक कडक आहे. मोठे टायर, उंच केलेले पाटे, जाड लोखंडी बंपर, विंच, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर डबे. दरवर्षी थोडी नवी माती, आणि जुनी कुणी उतरवत नाही. टायरचा व्यास वाढला की तोच ब्रेक कमी पकडतो आणि अॅक्सलवर, चाकाच्या गोळ्यावर आधीपेक्षा जास्त पीळ येतो. गाडी उंच झाली की तोल वर सरकतो. दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं पण चेसिस, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि ब्रेक जुनेच ठेवले, तर नवा जोर सगळ्यात कच्चा सांधा शोधून तिथे बाहेर पडणार. हे माळवदच झालं, फक्त चाकांवरचं. अशी जीप फोटोत भक्कम दिसते. उतारावर, ओल्या मुरुमात, समोर अचानक म्हैस आल्यावर ती किती भक्कम आहे ते कळतं.

रंगाआडून फसवणूक होणं नवं नाही. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळाच जीपचा आहे. 1948 मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नियम डावलून एका विदेशी कंपनीशी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपचा करार केला. देशात पोचल्या त्या 155, आणि त्या लष्कराच्या उपयोगाच्या निघाल्या नाहीत. त्या प्रकरणाचं राजकारण बरंच झालं. मला त्यातली साधी बाब महत्त्वाची वाटते. दुरुस्त केलेली जीप म्हणजे नेमकं काय, ती कुणी उघडून तपासायची आणि कुठल्या मापाने पास करायची, हे ठरलेलं नसलं की दुरुस्ती म्हणजे रंग एवढंच उरतं. आजही जुन्या जीपच्या बाजारात तेच चालतं. आधी रंग आणि लांबी, कारण गिऱ्हाईक तेच पाहतं. ब्रेकचे पाइप कुणी वाकून पाहत नाही.

मग प्रश्न येतो इंजिनाचा, आणि इथे माझी कसोटी ब्रेकपेक्षा वेगळी आहे. इंजिन बदलावं की नाही हे उद्या ते कोण दुरुस्त करणार यावर ठरावं. प्यूजोच्या जुन्या इंजिनाचे भाग मिळेनासे झाले आणि मालकाने बोलेरोच्या घरातलं डीआय इंजिन बसवलं, तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. त्याचा पिस्टन लातुरात मिळतो, नोजल उमरग्यात तपासून मिळतं, आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस प्रत्येक नाक्यावर आहे. त्याऐवजी सेन्सर आणि संगणकावर चालणारं आधुनिक इंजिन बसवलं आणि त्याचं मशीन लावून तपासणं फक्त पुण्यात होत असेल, तर कागदावर ती गाडी सुधारली, पण गावाच्या हातून गेली. पाच गिअरचा बॉक्स मात्र बसवावा. जुन्या रेशोवर महामार्गावर साठच्या पुढे इंजिन किंचाळतं, तेल जास्त पितं आणि लवकर झिजतं. विजेवर चालवण्याचे संचही आता येऊ लागले आहेत. शेतापुरत्या, रोजच्या ठरलेल्या फेऱ्यांसाठी मला ती कल्पना आवडते. पण बॅटरीचं वजन कुठे बसतं आणि बिघाड झाल्यावर दार कुणाचं ठोठावायचं, हे दोन प्रश्न तिलाही चुकणार नाहीत.

कायद्याला हा तिसरा रस्ता अजून नीट दिसत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार वाहन बनवणाऱ्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हे पुन्हा बजावलं. दुसऱ्या टोकाला 2021 चे व्हिंटेज वाहनांचे नियम आहेत. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी गाडी असेल तर 20,000 रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेचा खास नंबर मिळतो, पण ती चालवायची प्रदर्शनाला, रॅलीला किंवा दुरुस्तीला नेण्यापुरती. मधल्या गाडीचं काय? 1988 ची एमएम 540, शेतावर रोज जाणारी, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंगसाठी उभी राहणारी? नूतनीकरणाचं शुल्क 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपयांवर गेलं. जे शुल्क असेल ते मालक भरतो. पण आपण ब्रेक सुधारला हे उघडपणे सांगावं की लपवावं, याची त्याला खात्री नसते, कारण कुठला सुरक्षिततेचा बदल चालतो याची साधी यादी त्याच्यासमोर कुणी ठेवलेली नाही. आणि टपावर दिव्यांची रांग लावणारा मात्र बिनधास्त फिरतो.

कायद्याला बदल मुळीच चालत नाहीत असंही नाही. त्याच कलमात सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचा मान्यताप्राप्त संच बसवायला वाट आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करून घेण्याची सोयही झाली. म्हणजे कारण पटलं तर कायदा वाकतो. मग जीव वाचवणं हे कारण पुरेसं नाही का? दोन सर्किटचे ब्रेक, आसनपट्टे, पिंजरा, वायरिंग अशा पाच-सहा बदलांचे नमुने पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने एकदा तपासून मंजूर करावेत, त्यांचे नकाशे आणि मापं मराठीत छापावीत, आणि आरटीओने पासिंगच्या वेळी त्यानुसार तपासून आरसीवर नोंद करावी. उंची, टायरचा व्यास आणि जादा वजन यांना त्याच पत्रकात मर्यादा घालावी. 1994 नंतर घरांसाठी असंच झालं होतं. चित्रांची पत्रकं होती, मापं होती, काम पाहून हप्ता होता. दोन लाख घरांना जे जमलं ते काही हजार जीपना जमू नये असं कारण मला सापडत नाही.

धुराचा आक्षेप मात्र मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 लागू आहे आणि ही जुनी इंजिनं मापदंड नव्हते किंवा अगदी ढिले होते त्या काळातली आहेत. आठवड्याला दोनदा शेतावर जाणारी, पंप आणि नोजल वेळच्या वेळी कॅलिब्रेट केलेली जीप हवेचं फार बिघडवत नाही. शिवाय नवी गाडी घडवायला लागणारं पोलाद आणि वीज तिच्यामुळे वाचतात. पण दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर धावणारी, पंधरा-वीस माणसं भरलेली, काळा धूर ओकणारी जुनी काळीपिवळी? तिला वाचवण्यासाठी मी शब्द खर्च करणार नाही. तिने या भागाची जी सेवा केली ती मोठी आहे. तरी तिचं आजचं ओझं आणि तिचे सांधे यांचा मेळ राहिलेला नाही. तिचे प्रवासी चांगल्या एसटीचे हकदार आहेत आणि तिच्या मालकाला नव्या गाडीसाठी स्वस्त कर्ज मिळायला हवं. किल्लारीच्या अभियंत्यांनीही काही घरं दुरुस्तीपलीकडची म्हणून सोडून दिली होती. प्रत्येक जुनी वस्तू वाचवता येते असं मानणं हेही मजबुतीकरणाच्या शास्त्रात बसत नाही.

भूकंपाआधी किल्लारीचा परिसर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 मध्ये भारतीय मानक बदललं आणि तो तिसऱ्या पट्ट्यात आला. नकाशा बदलायला नऊ वर्षं लागली, पण गवंड्यांचे हात त्याच्या कितीतरी आधी, 1994-95 पासूनच, गावागावात बदलू लागले होते, कारण त्यांना शिकवायला माणसं आली होती. जीपच्या बाबतीतही मी कायद्याची वाट पाहत बसण्याच्या बाजूचा नाही. मराठवाड्यातल्या आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ आणि ‘मेकॅनिक मोटार व्हेईकल’ हे अभ्यासक्रम चालतात. तिथल्या मुलांना जुन्या जीपची चेसिस उघडी करून द्यावी आणि कर्ण मापण्यापासून दोन सर्किटचा ब्रेक बसवण्यापर्यंतचं काम, ज्या मिस्त्रीने तीस वर्षं कमांडर चालती ठेवली त्याच्याकडून शिकवून घ्यावं. त्या मिस्त्रीला तासाचं मानधन द्यावं आणि त्याच्या सहीने प्रमाणपत्र निघावं. त्या पिढीचे बरेच मिस्त्री आता साठीच्या पुढे आहेत, त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली आहेत, आणि कानाने इंजिन ओळखण्याची विद्या कुठल्याच पुस्तकात उतरवलेली नाही. हे काम येत्या चार-पाच वर्षांत झालं तर होईल.